ड्रमवाल्याचा आवाज

मिसळणाच्या डब्यावर ठेवलेला फोन खडखडला आणि दुपारची शांतता मोडली. बाबांच्या साठच्या दशकातल्या रॉक बँडचा इतिहास जुळवणाऱ्या चाहत्यांपैकी एक असलेल्या नोशीरकाकांचा निरोप होता.

"डिकरी, एका माळ्यावर गाण्यांच्या टेपचं जुनं रीळ सापडलं. सुरुवातीलाच तुझे बाबा आहेत. गाणं इंग्रजी, पण साहेब मोजतात मराठीत!"

बाबा ड्रम वाजवायचे. मी तान्ही असतानाच ते गेले. त्यांचा आवाज मला ठाऊकच नव्हता.

निरोपासोबत आलेलं ध्वनिमुद्रण मी लावलं. "एक, दोन, तीन, चार!" आणि गिटारी झणाणल्या.

"हे तुझे आजोबा," मी मांडीवरच्या लेकीला सांगितलं. तिने ते पुन्हा पुन्हा ऐकलं. नोशीरकाकांना मी नुसते जोडलेले हात पाठवले.

"पण आई, आता आजोबांना पाच कोण शिकवणार?"