ने

माझा नवरा अनुवादक. त्याच्या ऑफिसातली ग्रीक बाई रोज फोन करायची आणि हा बाल्कनीत जाऊन "ने, ने" करत बसायचा. एकदा विचारलं, तर म्हणाला, "अगं, 'ने' म्हणजे नाही. बल्गेरियन घे, झेक घे, सगळीकडे नाहीच. आपल्या संस्कृतातल्या 'न'चं सख्खं भावंड ते. ती बाई गळ्यात पडते, मी नाही म्हणतो." मला मेलीला त्याचं केवढं कौतुक वाटलं!

आज माझ्या चष्म्याच्या दुकानात एक ग्रीक आजी आल्या. मी भिंग लावून विचारलं, "दिसतंय नीट?" त्या म्हणाल्या, "ने." मी भिंग बदललं. "ने." पुन्हा बदललं. पुन्हा "ने." शेवटी त्यांची लेक हसत सुटली. "अहो, आई मघापासून हो म्हणतेय! ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो."

संध्याकाळी फोन संपवून तो बाल्कनीतून आत आला, तेव्हा त्याची बॅग भरून मी दारात ठेवली होती.

"हे काय?"

"ने," मी म्हटलं. "हे मराठीतलं."