चरबीचा डबा

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एडना हॉगन तव्यावर उरलेली चरबी गाळून डब्यात साठवायची आणि दर शनिवारी खाटकाकडे नेऊन द्यायची. त्या चरबीतल्या ग्लिसरीनपासून सरकार तोफांची दारू बनवायचं.

"हॉगनबाई, घरात उपाशी राहून डबा भरता की काय?" खाटीक हसायचा.

"आमचा मुलगा लीफ लढतोय तिकडे इटलीत. त्याच्या मागच्या तोफा उपाशी राहायला नकोत."

लीफ गेल्याची तार आली, तरी तिने डबा थांबवला नाही. मग एक दिवस त्याच्या पलटणीतला सोबती कुबड्या घेऊन घरी आला.

"आई, लीफ ज्या गोळ्याने गेला, तो जर्मनांचा नव्हता," तो खाली बघत म्हणाला. "आमच्याच मागच्या तोफेचा होता. नेम चुकला."

 

एडनाने विचारलं, "त्यातली दारू कुठल्या महिन्यात बनली होती, ते कळेल का रे?"