हातांची साखळी

फायनलला दहा मिनिटं उरली, तरी दोन्ही कबड्डी संघ मॅटबाहेर मांडी घालून बसले होते. टीव्हीच्या कमाईत शेवटच्या राखीव खेळाडूलाही वाटा मिळाल्याशिवाय खेळायचं नाही, असं ठरलं होतं.

लीगचे मालक कर्णधार धुळाप्पाच्या कानाशी वाकले. "तुझं मानधन दुप्पट करतो. बाकीच्यांसाठी बजेट नाही. ऊठ."

धुळाप्पानं मागं पाहिलं. गुडघ्याला पट्टी बांधलेल्या राखीव खेळाडूनं मान खाली घातली होती. धुळाप्पा बुटांच्या नाड्या सोडू लागला. "मग मीही आज राखीवच, साहेब."

तेवढ्यात मनगटावर ओळखीची पकड बसली. गेल्या मोसमात ह्याच हातांनी त्याचा खांदा निखळवला होता. विरोधी कर्णधार शेजारी येऊन बसला होता. बचावात धरतात तशी हातांची साखळी बघता बघता चोवीस जणांची झाली. प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं.

अखेर मालकांनी सही केलेला कागद आणला. धुळाप्पानं तो आधी राखीव खेळाडूला वाचायला दिला. त्यानं होकार दिला, तसे सगळे हात मॅटला लागून कपाळाला गेले.

"आता दुसरा खांदा सांभाळ!" विरोधी कर्णधार पलीकडून ओरडला.

"आलोच!" म्हणत धुळाप्पा चढाईला निघाला.