रंगीत तालीम

दार ढकलून साहेब आत आले आणि जागच्या जागी थबकले. लांब टेबलापलीकडे संसदेच्या सुरक्षा समितीचे पाचही सदस्य ओळीने बसले होते. मधोमध अध्यक्षबाई. तेच आखूड पांढरे केस, हनुवटीवर तोच तीळ.

मानलं बुवा, साहेब मनात म्हणाले.

गुप्तचर खात्याचं प्रमुखपद त्यांच्याकडे येऊन जेमतेम महिना झाला होता. सगळी नोकरी परदेशात गेलेली. लोकप्रतिनिधींच्या प्रश्नांना तोंड द्यायची सवय नव्हती. समितीपुढे पहिलीच साक्ष उद्यावर आली, तशी उपप्रमुखाने शक्कल लढवली. "आपल्या वेषांतर विभागाची मंडळी समिती होऊन बसतील, साहेब. चेहरे, आवाज, खोचक प्रश्न, सगळं हुबेहूब. एकदा तालीम झाली की उद्या छातीत धडधड नको."

साहेबांनी खुर्ची ओढली. "तुम्ही लवकर आलात की!"

"समितीला खात्यात कधीही यायचा अधिकार आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"अरे वा, नियमही पाठ!" साहेब ओळखीचं हसले. बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. भूमिकेत पक्क्या होत्या.

सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. साहेबांनी घोकलेली उत्तरं धडाधड दिली. एका मिशीवाल्या सदस्याने तर अशी काही जांभई दिली की साहेबांना टाळी द्यावीशी वाटली.

मग बाई पुढे झुकल्या. "तुमच्या खात्याने एखाद्या निरपराध माणसावर पाळत ठेवली आहे का?"

यावरचं उत्तर तयार होतं. चालू कामांबद्दल बोलता येत नाही, एवढंच म्हणायचं आणि पाण्याचा घोट घ्यायचा. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. महिनाभर त्यांना धड झोप नव्हती. तालीमच आहे, त्यांना वाटलं. खरं बोललं तर कसं वाटतं, बघू तरी.

"हो," ते म्हणाले. "एका पोहण्याच्या शिक्षकावर. वर्षभर."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"दिसायला ते एका परदेशी हेरासारखे. तसंच टक्कल, तसंच जरा फेंगडं चालणं. आमची दोन माणसं रोज तलावावर बसायची. संशय नको म्हणून दोघांनी शिकायला नाव घातलं. एक आता झकास पोहतो."

"आणि दुसरा?" मिशीवाल्यांना राहवलं नाही.

"तो अजून कठडा सोडत नाही. पण सरांनी त्याची आशा सोडलेली नाही."

मिशीवाले फिस्सकन हसले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिल्यावर गप्प झाले.

"मग अडचण काय?" बाईंनी विचारलं.

साहेबांचं हसू मावळलं. "आम्ही त्यांचा पासपोर्ट अडकवला. मुलीचं लग्न परदेशात होतं. बिचारे जाऊ शकले नाहीत. चूक खात्याच्या केव्हाच लक्षात आली होती. पण असा अडकवलेला पासपोर्ट सोडायचा तर समितीला कारण सांगून संमती घ्यावी लागते. आमच्या अधिकारांचा कायदा पुन्हा तुमच्याकडे मंजुरीला येणार, तेव्हा आपली नाचक्की नको, म्हणून आधीच्या प्रमुखांनी प्रकरण दाबलं. महिनाभर मीही तेच करतोय."

"आता काय करायचं म्हणता?"

"मुलीला बाळ होणार आहे. या वेळी तरी त्यांनी तिथे असायला हवं. पासपोर्ट सुटावा आणि मी स्वतः जाऊन त्यांची माफी मागावी. मग तुम्ही कायद्याला कात्री लावा, नाहीतर मला घरी बसवा."

"हे आजच का सांगताय?"

"कारण उद्या एवढा धीर होईल असं वाटत नाही," साहेब म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी कोटाची बटणंच सोडली.

बाईंनी डावीउजवीकडे पाहिलं. पाचही हात वर झाले.

"पासपोर्ट सोडायला समितीची संमती आहे. आजच सोडा. माफी मागायला जाल तेव्हा मलाही बोलवा, मी सोबत येईन. आणि कायद्याला कात्री लागेलच, ती मात्र चुकणार नाही. पण या खोलीत असं उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं."

साहेबांना भरून आलं. खरी समिती इतकी समजूतदार असती तर! ते उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि त्यांनी बाईंचा हात हातात घेतला.

"बाई, तोड नाही तुम्हाला! आवाज तेवढा जरा चढवा. त्यांचं भाषण मी रेडिओवर ऐकलंय. फाटक्या भोंग्यासारखा आवाज आहे त्यांचा."

"लक्षात ठेवीन," बाई शांतपणे म्हणाल्या.

तेवढ्यात दार उघडलं आणि उपप्रमुख धापा टाकत आत शिरला. "माफ करा साहेब, मेकअपला फार वेळ लागला. तालीम सुरू करू या?"

आणि त्याच्या मागोमाग आणखी एक अध्यक्षबाई आत आल्या.