राखून ठेवलेला गळा

"गळ्याची गाठ चांगली आहे. परीक्षेपर्यंत राहू द्या," मोठे सर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

धुळ्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टरीच्या पोरांच्या परीक्षेसाठी अशा केसेस राखून ठेवायची रीतच होती. पेशंटला राजी करायचं काम वॉर्डातल्या शिकाऊ सर्जनचं, म्हणजे अभिमनचं. पण या खाटेवरच्या कीर्तनकार कौतिकबुवांचा गळा म्हणजे गावोगाव देव जागवलेला गळा. तो असा ताटकळत ठेवायचा, हे अभिमनच्या जिवावर आलं.

"आबा, ऑपरेशन थोडं लांबवू? पोरांची परीक्षा आहे," तो चाचरत म्हणाला.

चोपड्याकडचे कौतिकबुवा, वॉर्डाचे आबा, लगेच हसले. "बठ्ठा पोरे पास हुई जाऊ द्या, भाऊ. मंग हाऊ गळा तुमनाच शे."

मग रोज पोरं आबांच्या पाठीमागे उभी राहत, गळ्यावर बोटं ठेवत, आवंढा गिळायला सांगत. आबा गिळत आणि वर एखादा अभंग म्हणत. सगळा वॉर्ड टाळ्यांचा ठेका धरी. लीलाधर तेवढा मागे मागे राही. सर्जरीच्या परीक्षेत एकदा आपटलेला पोरगा, बोटं टेकवली न टेकवली की काढून घेई.

"नीट दाब की!" अभिमन एकदा खेकसला. "तुझ्या बापाचा गळा आहे का?"

वॉर्डात हशा पिकला. आबा तर सगळ्यांत मोठ्यानं हसले. "दाबा डॉक्टरसाहेब, फुटत नाही मी."

मध्येच संप झाला, परीक्षा लांबली. आबांचा आवाज बसत चालला. अभंग कुजबुजीवर आला.

"आबा, आता थांबायला नको," अभिमन म्हणाला.

"इतकं थांबलो. आता शेवटी पोरांना उघड्यावर टाकू?"

अभिमननं फार ताणलं नाही. पुढं आयुष्यभर त्याला तेच खात राहिलं.

परीक्षेत चिठ्ठ्या टाकल्या, त्यात आबा नेमके लीलाधरच्या वाट्याला आले. पोरगा घडाघडा बोलला. पास झाला.

लगेच ऑपरेशन झालं. गाठ आवाजाच्या नसेत शिरली होती, गाठीबरोबर नसही कापावी लागली. आबा वाचले, पण कीर्तन संपलं.

अभिमन बाहेर आला तेव्हा बाकावर लीलाधर एकटाच बसला होता.

"आबांचं कुणी आलंय का रे गावाहून? कोणत्या तोंडानं सांगू त्यांना?"

लीलाधर उठून उभा राहिला.

"मलाच सांगा, सर. मुलगा आहे मी त्यांचा."