तीन प्रतींत

"हा चालनार नाही." माणिकरावांनी अर्ज बोटानं मागे सरकवला. "हातानं लिहेल आहे. टाइप करून आन. तीन प्रती."

समता त्यांच्याकडे बघतच राहिली. तहसील कचेरीत दाखल्यांच्या खिडकीवर दिवसभर टायपिंग करून आपलं उजवं मनगट सुजलं आहे, अंगठ्यापासून तीन बोटं बधिर होतात, असं तिनं अर्जात लिहिलं होतं. मनगट वाकवून काम करू नका, कोपर टेबलाच्या पातळीत येईल एवढी खुर्ची उंच करा, दर अर्ध्या तासानं हात मोकळे करा, ही डॉक्टरांची चिठ्ठी मागे टाचली होती. तरी उंच खुर्ची मिळावी ही विनंती. एवढं लिहायला तिला दोन दिवस लागले होते.

"सर, टायपिंगनंच तर हात गेला."

"नियम काय मी केला? हातानं लिहेल अर्जाले आवक नंबर पडत नाही. अन् बाहेर लाइन पाह्य किती आहे. जमत नशीन तर सांग. दुसरी पोरगी उद्या बसाले तयार आहे."

एवढं बोलून साहेब चहाला गेले. त्यांची खुर्ची मागे राहिली. काळी, चाकांची, वरखाली होणारी, हात टेकायला दोन दांडे, पाठीवर पांढरा टॉवेल. या खुर्चीत बसून माणिकराव टाइप काय करत? एक अक्षर नाही. समतानं छापलेल्या दाखल्यावर सही ठोकत, बस्स. आणि टाइप करणारीला प्लास्टिकची खुर्ची, तीही बसकी. कचेरीत खुर्ची काम बघून देत नाहीत, हुद्दा बघून देतात, आणि याची कोणाला लाजही वाटत नाही.

समता खिडकीवर येऊन बसली. टेबल जुन्या काळचं, रजिस्टरं उभ्यानं लिहायला केलेलं. की-बोर्ड तिच्या छातीशी येई. ती टाइप करू लागली.

"काय मुंगीवानी चालून राह्यली वं?" खिडकीबाहेरून तानाबाई खेकसली. धामणगाव बढ्याची ही म्हातारी निराधार योजनेच्या पगारासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आली होती. "दुसरं कोनी नाही का इथं?"

समताचं बोट बटणावर होतं, पण ते दाबलं गेलं की नाही हे बोटाला कळत नव्हतं. तिनं हात टेबलाखाली नेऊन झटकला, पुन्हा वर आणला, पुन्हा चुकली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तानाबाईला आता मनगटावरची पट्टी दिसली. "हाताले काय झालं माय?"

समतानं सांगितलं. अर्जाचंही सांगितलं.

"हात दुखते म्हनून अर्ज देल्ला, अन् तो म्हंते टाइप करून आन?"

"हाव. तीन प्रती."

तानाबाईनं मागे वळून अख्ख्या लाइनीला ते ऐकवलं. कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही.

तिच्या मागे गौसिया उभी होती. शिवणकाम करणारी बाई. माणूस मशीनवर कसा बसलाय हे तिला आधी दिसे, कपडा नंतर. तिनं खिडकीतून डोकं आत घातलं. "अगं, कितीक खाली बसली तू! खांदे कानाले लागून राह्यले. मी अशी मशीनवर बसली असती तं पह्यल्याच ईदले माये हात गेले असते." मग तिची नजर मागे गेली. "ती खुर्ची कोनाची?"

"साहेबाची."

"साहेब कुठी?"

"चहाले."

'आत येऊ नये' लिहिलेलं बाजूचं दार ढकलून गौसिया आत आली. टॉवेलाची नीट घडी करून तिनं फायलींवर ठेवली, खुर्ची ढकलत खिडकीपाशी आणली, समताला दंडाला धरून तिच्यात बसवलं आणि तिला जरासं उठायला लावून खालचा दांडा ओढत खुर्ची वर घेतली. थोडी जास्त झाली. थोडी खाली. समताची कोपरं टेबलाच्या बरोबरीनं आल्यावर ती थांबली. "आता ठेव हात."

समतानं हात ठेवले. दुखणं काही जादूनं गेलं नाही. पण मनगट सरळ राहिलं आणि वर्षभर चढलेले खांदे खाली आले.

"साहेब मले कामावरून काढतीन," ती हळूच म्हणाली.

"काढू दे ना," तानाबाई बाहेरून म्हणाली. "मंग त्यायले म्हना, तुमीच करा टाइप. आमी पाह्यतो इथूनच."

समतानं तिचा दाखला पुरा केला. पुढचा घेतला. लाइन सरकू लागली, पण तानाबाई दाखल्यावर सही व्हायची म्हणून खिडकीशीच थांबली.

तोंड पुसत माणिकराव आत आले. आधी त्यांना टॉवेल दिसला, मग खुर्ची, मग खुर्चीतली समता. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"ऊठ."

समता सवयीनं अर्धी उठलीच. गौसियानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"अन् मी काय उभ्यानं सह्या करू?" माणिकराव ओरडले.

"करा ना साहेब," तानाबाई खिडकीतून म्हणाली. "आमी सकायपासून उभ्याच आहो."