काबरीची वाट

तय्यब मिस्त्रीनं आतल्या खोलीच्या दाराच्या खालच्या फळीवर कोळशानं चौकोन आखला, गिरमिटानं भोक पाडलं आणि करवत लावली. तुळसाबाई चुलीपुढून हलली नाही. अठरा वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याजवळ एकच गोष्ट मागितली होती, धूर जायला चुलीवरच्या भिंतीत झरोका. तो अजून व्हायचाच होता. पंचफुलेला या घरात येऊन दीड महिना झाला होता, आणि तिच्या एका शब्दावर सागाचं दार कापलं जात होतं. तेही मांजरीसाठी.

पंचफुला तिची सवत. रिठदची. पहिला नवरा तापानं गेला होता. तुळसाबाईच्या नवऱ्याचा, पुंजाजीचा, वाशीमच्या कडेला वांगी-मेथीचा मळा होता. तुळसाबाईची कूस उजवली नाही, म्हणून त्यानं पंचफुलेशी पाट लावला. आल्यावर आठवड्याच्या आतच ती रिठदच्या वाटेनं पळाली. पुंजाजीनं तिला गाडीत घालून परत आणलं. पुन्हा पळाली, पुन्हा आणलं. तेव्हापासून आतल्या खोलीला बाहेरून कडी. तरण्या बायकोचे नखरे आणि ते पुरवणारा नवरा, असंच तुळसाबाईला वाटायचं. आपण पळालो असतो तर विहिरीपर्यंतही कोणी पाहायला आलं नसतं.

पुंजाजी मळ्यात गेला की राखण तुळसाबाईकडे. दोन वेळा कडी काढायची, नजर न उचलता ताट आत सरकवायचं, कडी लावायची. आंघोळीला न्यायचं तेही मुकाट्यानं. ताटात भाकरी, वर दुधाची वाटी. सवतीला दूध द्यायचं हा पुंजाजीचा हुकूम होता. भाकरी उरून परत आली तरी तेही नखरेच, असं तिनं धरलं होतं. दीड महिन्यात ती पंचफुलेशी एक शब्द बोलली नव्हती.

नवऱ्याचं तिनं समजून घेतलं होतं. काबरी मांजरीचं तिला समजत नव्हतं. आठ वर्षांपूर्वी पऱ्हाटीच्या वावरात, कापसाच्या झाडांखाली सापडलेलं, डोळेही न उघडलेलं पिल्लू. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून तिनं ते जगवलं, कुशीत घेऊन वाढवलं. आणि आता ताट आत जाताना तीच मांजर घुसायची ती बाहेर यायचं नाव घ्यायची नाही. बाहेर अडकली तर दारावर नखं घासत रडायची. तुळसाबाई मुद्दाम कडी काढत नसे. रडू दे, म्हणायची. शेवटी त्या आवाजानं पुंजाजी वैतागला. पंचफुला त्याला म्हणाली, दाराला एक भोक तरी पाडून द्या. त्यानं तय्यबला सांगून ठेवलं आणि आज पहाटेच भाजीची गाडी घेऊन शिरपूरच्या बाजाराला गेला. परतायचा तो उद्या.

फळीचा तुकडा खाली पडला. परदेशी चाललेल्या लढाईपायी लोखंडाच्या बिजागऱ्या मिळेनाशा झाल्या होत्या, म्हणून तय्यबनं तोच तुकडा कातड्याच्या पट्टीनं वरून टांगला आणि बोटानं हलवून पाहिला. काबरी टपूनच बसली होती. तिनं झडपेला डोकं लावलं, अंग आकसलं आणि शेपटीसकट दिसेनाशी झाली. मांजरीला शिकवावं लागलं नाही, असं म्हणत तय्यब हत्यारं गोळा करून ओसरीवर गेला.

आता तर ती आपल्याकडे यायचीच नाही. तुळसाबाई ताडकन उठली. काबरीला शेपटीला धरून बाहेर ओढायचं, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं दारापाशी गुडघे टेकले, झडप उचलली, आणि पहिल्यांदाच त्या खोलीत नीट पाहिलं.

सकाळचं ताट तसंच होतं. भाकरीचा तुकडाही मोडलेला नव्हता. दुधाची वाटी तेवढी काबरी चाटत होती. पंचफुलेच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या, इतकी ती वाळली होती. दूध संपलं तशी काबरी तिच्या मांडीवर चढली, आणि पंचफुला तिला थोपटू लागली. दोन बोटं हलकी, तळवा जड. थांबून थांबून, एका लयीत.

मांजरीला असं कोणी थोपटत नाही, लेकराला थोपटतात. तुळसाबाईला हे पक्कं ठाऊक होतं, कारण आठ वर्षं ती स्वतः काबरीला तसंच थोपटत आली होती.

"कोनाले थोपटून राह्यली तू?" तिनं विचारलं.

पंचफुलेचा हात थांबला. दारातून कोणी बोलेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"अंजीले," ती म्हणाली. "दोन वर्साची हाय, बाई. थोपटल्याबिगर झोपत नाही थे."

मग तिनं सगळं सांगितलं. पोर रिठदला, तिच्या म्हाताऱ्या आईजवळ होती. दुसऱ्याचं लेकरू पोसायला मी पाट लावला नाही, असं पुंजाजीनं वाटेतच बजावलं होतं. या घरात पोरीचं नाव काढलं तर तिचं तोंड पुन्हा दिसणार नाही, असंही.

तुळसाबाई मनात मोजू लागली. तरणेपण हिचं, नवरा हिचा, मांजर हिची, आणि लेकरूही हिलाच. अठरा वर्षं नवस करून जे आपल्याला मिळालं नाही, ते ही रिठदला ठेवून आली होती. तिनं झडप सोडून दिली. ती दाराला पाठ लावून बसली. आतून थोपटण्याचा आवाज येत होता, तिच्या स्वतःच्या हाताच्या लयीत.

मग ती उठली. कडी काढली. दार पुरतं उघडलं.

"ते भाकर खाऊन घे," ती म्हणाली. "सहा कोस चालाचं हाय."

थोड्या वेळानं दोघी ओसरीवर आल्या. तुळसाबाईनं लुगड्याचा काचा घट्ट मारला होता. पंचफुला उन्हानं डोळे मिचकावत होती. तय्यब अजून करवतीचे दात पुसत बसला होता. तो घाबरून उभा राहिला. पुंजाजीभाऊ उद्या आले तर मी काय सांगू, असं त्यानं विचारलं.

"सांगजा," तुळसाबाई म्हणाली, "आमची पोरगी रिठदले राह्यली हाय. तिची मोठी माय तिले आनाले गेली."